बंडखोरांना जेवायचं बोलावणं

ऑस्ट्रेलियातल्या गुंगालिनच्या त्या घरात दिवस कलायला लागला, की व्हॅलेरी हातातलं काम सोडून बाहेरच्या खोलीत यायची. कारण नेमके तेव्हाच तिचे सासरे वॉल्टर खुर्चीतून उठायचे आणि म्हणायचे, "ते आले. दार लाव."

ते म्हणजे बंडखोर! वॉल्टर अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ज्या विटांच्या घरात वाढले, ते साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यपालाविरुद्ध उठलेल्या लोकांनी बळकावलं होतं. त्यांच्या पूर्वजाला नेसत्या कपड्यांनिशी पळावं लागलं. पुढे घर परत मिळालं, पण गाव अजून त्याला बंडखोरांचंच घर म्हणतं. आता म्हातारपणी वॉल्टर बायकोचं नाव विसरले होते, बंडखोर मात्र विसरले नव्हते.

काल तर त्यांनी जेवणाचं टेबलच दाराला लावलं. ऑफिसातून आलेला त्यांचा मुलगा ग्रँट, म्हणजे व्हॅलेरीचा नवरा, थंडीत बाहेर कुडकुडत राहिला. आत आल्या आल्या तो तडकला, "बस झालं, व्हॅल! सोमवारी डॅडना वृद्धांच्या होममध्ये ठेवायचं." डॅड शेजारीच उभे होते, पण त्याने आवाजसुद्धा खाली आणला नाही.

व्हॅलेरीला हे मुळीच पटलं नाही. पण करणार काय? बाहेर कोणी नाही, हे सांगून सांगून ती थकली होती.

आज वॉल्टर पुन्हा टेबल ढकलू लागले, आणि तिचा ताबा सुटला. माहेरी, वसईला, तिची आई भांडायला आलेल्यालाही आधी जेवायला बसवायची. व्हॅलेरीने दार सताड उघडलं आणि मराठीतच ओरडली, "या रे बाबांनो! आधी जेवा, मग काय ते बंड करा!"

तिने रागारागाने बंडखोरांसाठी चार प्लेटा मांडल्या, भात आणि माशाचं कालवण वाढलं. वॉल्टरना शब्द कळले नाहीत, प्लेटा कळल्या. ते थबकले. मग चमचे आणून ठेवू लागले. घरभर गार वारा सुटला होता.

तेवढ्यात ग्रँट आला. उघडं दार बघून तो गोंधळला. "व्हॅल, हे काय चाललंय?"

वॉल्टर लगबगीने पुढे झाले. मुलाला त्यांनी ओळखलं नाही. हात धरून त्याला बसवलं, भात पुढे सरकवला आणि अजिजीने म्हणाले, "पुढारी तुम्हीच ना? घर तुम्ही घ्या. फक्त या म्हाताऱ्याला बाहेर काढू नका."

ग्रँट उठला, आणखी एक प्लेट आणून त्याने आपल्या शेजारी ठेवली आणि वडिलांना तिथे बसवलं. होमचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.