उन्हाळी लुगडी

मालूनं तिसरं लुगडं उलगडून सासूच्या मांडीवर ठेवलं. पुतळीबाईंनी डाव्या हातानं तेही बाजूला सारलं.

"आता ह्यात काय वाईट हाय, आई? मऊ सूत हाय. बोचायचं नाय."

पुतळीबाई नुसत्या हुंकारल्या. दिवाळीनंतर त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, त्याबरोबर वाचाही गेली. तेव्हापासून त्यांना काय हवं-नको ते मालूनंच ओळखायचं. थंडीभर एका जाड लुगड्यावर भागलं. पण आता शिमगा तोंडावर आला होता, खांब गावच्या शेतांतला वाल काढून झाला होता, न्याहारीच्या वेळेलाच पत्रा तापत होता. तरी म्हातारी एकही सुती लुगडं अंगाला लावून घेईना.

मालूचा नवरा दिनानाथ कंपनीत निघाला होता. रोह्याची गाडी चुकायला नको म्हणून उभ्यानंच चहा पीत होता.

"नको म्हणते तर राहू दे ना. उगाच कशाला खपतेस?"

"घाम मुरतोय अंगात. पाठीला जखमा झाल्या म्हंजी कोण बघणार?"

कप खाली ठेवून, डबा उचलून तो बाहेर पडला.

मालू पुन्हा सासूसमोर गुडघ्यांवर बसली. रात्री कूस बदलायला ती कितीदा उठली होती, तिचं तिलाच आठवत नव्हतं. चौथं लुगडं हातात घेतलं, पण उलगडायचं बळ उरलं नाही.

"ह्येबी नको? मग करू तरी काय मी? थकले आता."

बोलून गेली आणि तिची मान खाली गेली.

पुतळीबाईंचा डावा हात वर आला. मालूला वाटलं, हेही लुगडं ढकलणार. पण हात लुगड्याला लागलाच नाही. तो तिच्या गळ्याशी आला आणि स्वेटरचं वरचं बटण चाचपू लागला.

दिनानाथचा जुना स्वेटर. पौषात रात्री उठावं लागे म्हणून तिनं तो अंगात चढवला होता, तो अजून उतरवलाच नव्हता. त्यातच निजायची, त्यातच उठून चुलीपुढे बसायची. त्याची कॉलर घामानं ओली झाली होती.

एक बटण सुटलं. दुसरं अडकलं. मालूनं मदतीला हात नेला, तर म्हातारीनं तो बाजूला सारला.

मालू तशीच थांबली. बटण सुटायला बराच वेळ लागला.