गुरम्माक्काची चुकलेली रांग

मित्रांनो, प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत, खिडकीखाली भिंतीला टेकून जो उभा आहे, तो जुना कापडी फळा म्हणजे मी. खडूचा नव्हे हो. माझ्यावर कुणी लिहीत नाही, माझ्यावर शब्द लावतात.

माझं अंग सोलापुरी चादरीचं. इथं शिकवणाऱ्या श्रीदेवीबाईंच्या वडिलांचे दोन माग होते. त्यांच्या घरातल्या एका चादरीला इस्त्रीनं भोक पडलं. बाईंनी तिचा चांगला भाग कापला, प्लायवूडवर ताणून मागून बारीक खिळे ठोकले आणि रविवारच्या शाळेत मला उभं केलं. मग पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीच्या पाठीला पॉलिशपेपरची पट्टी लावली. चिठ्ठी माझ्यावर नुसती दाबली की राहते.

बावीस वर्षं मी शब्द सांभाळले. करार म्हणजे देवानं माणसाशी बांधून घेतलेला शब्द. म्हणून पवित्र शास्त्राचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. शुभवर्तमान म्हणजे आनंदाची बातमी. ती चौघांनी आपापल्या तऱ्हेनं लिहून ठेवली. देहधारण म्हणजे देवानं माणसाचं शरीर घेणं. बाई सांगत, मुलं चिठ्ठ्या लावत. पाहुणे आले की माझी वाहवा होई. पुढं खोलीत मोठा पडदा आला, त्यावर रंगीत चित्रं हलू लागली, आणि दोन वर्षं मी कपाटामागं भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं.

गेल्या वर्षी बाईंनी मला बाहेर काढलं ते गुरम्माक्कासाठी. अक्का विड्या वळतात. वय साठीला टेकलेलं, लिहिता-वाचता येत नाही. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पण दृढीकरण राहून गेलं. आपला विश्वास आपल्या तोंडानं मंडळीपुढं कबूल करणं, ते दृढीकरण. आमच्याकडं ते झाल्यावाचून प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतली, भाकर घेत नाहीत. दर महिन्याला भाकरीचं ताट अक्कांच्या हातात येई आणि त्या ते तसंच शेजारणीकडं सरकवत. चाळीस वर्षं. त्या ईस्टरला मात्र त्यांना ती भाकर हवी होती.

दृढीकरणाआधी मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, परीक्षा घेतात आणि चार चिठ्ठ्यांची रांग लावायला सांगतात. पहिली कृपा, म्हणजे आपण न कमावता मिळालेलं देवाचं प्रेम. मग विश्वास, मग क्षमा, आणि शेवटी सत्कृत्ये. अक्कांना ओळखू यावं म्हणून बाईंनी चिठ्ठ्यांना रंगीत कडा काढल्या. तरी अक्का दर वेळी सत्कृत्ये पहिली लावत आणि कृपा शेवटी.

“अक्का, निघालात बार्शीला आणि पोचलात मोहोळला,” वर्गातली अंकिता म्हणाली. ती कॉलेजात शिकणारी.

“हस गं, तुजं काय जातंय. विड्या वळायच्या, कारखान्यात न्यायच्या, चेकर बगतोय, मंग पास. आदी काम, मंग किरपा. मला तर असंच म्हाईत हाय.”

“आणि छाट निघाल्या तर?” बाईंनी विचारलं. नापास विड्यांना छाट म्हणतात.

“तर परत. रडून चेकर ऐकतोय व्हय?”

बाईंनी चिठ्ठ्या काढायला नेलेला हात मागं घेतला. मग म्हणाल्या, “रांग राहू दे तशीच. काढू नका.”

आठवडाभर ती चुकलेली रांग माझ्या अंगावर होती. अक्का दुपारी सूप मांडीवर घेऊन माझ्यासमोर विड्या वळत बसत. वर पंखा फिरे. चिठ्ठ्या फडफडत, पण पडत नसत.

ईस्टरच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली. पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार पाहणारे दोन वडील खुर्च्यांवर बसले.

अक्कांनी तीन चिठ्ठ्या लावल्या. विश्वास, क्षमा, सत्कृत्ये. चौथी हातातच राहिली. ती त्यांनी पहिल्या जागी नेली, मागं घेतली. अंकितानं खाली बघितलं. मग अक्कांनी तळहात माझ्या अंगावर ठेवला आणि हळूच फिरवला.

“पाळकसाहेब, टाचनी न्हाय, डिंक न्हाय. चादरीनं धरलं म्हनून चिठ्ठ्या ऱ्हायल्यात. माजी रांग चुकली हुती, तीबी धरलीच की हिनं. आठ दिस. खाली टाकली न्हाय.” त्यांनी हातातली चिठ्ठी उलटून पाहिली. “किरपा रांगेत न्हाय बसायची. ती अशी मागं हाय. सगळ्याच्या मागं.”

बाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. मी चादरीचा तुकडा, मला कसली थोरवी. पण त्या तळहाताखाली मी ताठ उभा होतो, एवढं सांगतो.

“मग ही चिठ्ठी कुठं लावायची?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी,” अक्कांनी ती त्यांच्या हातात दिली. “ उपदेशाला लागंल की.”

एक वडील खोकले. दुसरे हसले.

“मंग मी पास व्हय?”

“पास करणारा मी कोण, गुरम्माबाई,” पाळकसाहेब म्हणाले. “उद्या ताट येईल. घ्या.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला मंदिरात दाराजवळ ठेवलं होतं, म्हणून मी पाहिलं. तंबाखूचा वास जावा म्हणून अक्कांनी तीनदा हात धुतले. ताट त्यांच्या ओळीत आलं. त्यांनी तुकडा उचलला, खाल्ला, आणि मग ताट शेजारणीकडं दिलं.

मित्रांनो, आता पुन्हा दर रविवारी मला काम असतं. मला ओल्या फडक्यानं पुसू नका. लव बसली की शब्द घसरतात. मऊ कुंचल्यानं झाडा, उन्हात फार वेळ ठेवू नका. आणि वर्गात कुणाची रांग चुकली, तर ती घाईनं उपटून काढू नका. मी धरून ठेवतो. तुम्ही त्यांना समोर बसू द्या.