तेरा दिवसांचा खंड

ब्राह्मणपुरीच्या चुडामण पाटलाच्या फुफ्फुसात कर्करोगाची गाठ निघाली, परंतु ती पसरलेली नव्हती. "तीस दिवस किरणोपचार अखंड घेतलेत, तर रोग मुळासकट जाऊ शकतो," असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. "फक्त खंड पडू देऊ नका. किरणांच्या नेमासाठी छातीवर आखलेल्या जांभळ्या रेघाही पुसू नका." हे वेदवाक्य मानून चुडामण आपली कन्या काजल हिच्यासह शहाद्याहून शहरातल्या रुग्णालयासाठी पहाटेची एसटी धरी. अठरा दिवस झाले. खोकल्यातले रक्त थांबले.

एकोणिसाव्या दिवशी प्रातःकाळी थोरला भाऊ हेमकांत हृदयविकाराने निवर्तला. तो निपुत्रिक होता. अग्नी देणाऱ्याने तेराव्यापर्यंत गावची शीव ओलांडू नये, असा त्यांच्या भावकीचा दंडक.

"मोठी माय, आग मी देसू," काजल काकुळतीने म्हणाली. "खंड पडना ते आबा वाचाव नही."

"पोरगी आग देई? मन्हा धनी काय बेवारस शे?" हेमकांताची विधवा गजराबाई कडाडली. "अन् तू रे चुडामण! त्यानी तुले खांद्यावर वाढावं. आते तेरा दिन जड व्हयनात? मशीन काय पळी जाई?"

"भ्यायना भो तो! आंघोळमा रेघा धुवाई जातीन ना!" भाऊबंदांतून कोणीतरी बोलले, आणि प्रेत अंगणात असताना माणसे हसली.

मरणाहून लोकापवादाचे भय चुडामणास अधिक. त्याने मडके खांद्यावर घेतले. नदीच्या स्नानात रेघा वाहून गेल्या. नवव्या दिवशी रुमालावर पुन्हा रक्त उमटले.

चौदाव्या दिवशी बापलेक रुग्णालयात पोहोचली. नव्या तपासणीत रोग दुसऱ्या फुफ्फुसातही उतरलेला दिसला. डॉक्टर रागावले नाहीत, तेव्हाच काजल समजली. "आता त्रास कमी होण्यापुरते किरण देऊ," ते हळूच म्हणाले.

सायंकाळी ओट्यावर बसलेल्या गजराबाईने सर्व ऐकले आणि ती चुकचुकली.

"अरे देवा! मंग भाऊ, पोऱ्या ते तुले बी नही. भाऊबंदमातला योगेंद्रले आतेच सांगी ठेवू का? ऐनवेळे धावपळ नको."

काजलने बापाच्या मुखाकडे पाहिले. अग्नी देण्यासाठी तो तिचे नाव घेईल, एवढीच तिची आशा उरली होती.

चुडामण बराच वेळ खोकत राहिला. मग तोंड पुसून म्हणाला, "सांगी ठेव वहिनी. फक्त त्याले इचारी ले, तेरा दिननी सुटी भेटी का."