पोटलीवाल्या गल्लीतले बिबडे

कलाबाईची अट सगळ्या नातेवाइकांना खुळचटपणाची वाटली, आणि तिला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. घर घेताना माणसं बोअरिंगचं पाणी बघतात, कागद बघतात, दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघतात. कलाबाई म्हणाली, मी त्या घराच्या गच्चीवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालणार, ते तसेच राखणीशिवाय सोडून येणार आणि संध्याकाळी जाऊन बघणार. शाबूत राहिले तर घर घ्यायचं, नाही तर विषय संपला.

घर होतं सुरतेत, पांडेसऱ्याच्या टोकाला, श्यामकुंज सोसायटीत. नाव मोठं गोड, पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नसायचा. 'पोटलीवाली गल्ली' म्हटलं की तो एकदा मागे वळून तुमच्याकडे नीट बघायचा आणि मगच निघायचा. तिथे एके काळी दारूच्या पोटल्या विकल्या जायच्या. धाडी पडल्या, काही जण आत जाऊन आले, धंदा बसला, नाव मात्र चिकटून राहिलं. त्याच गल्लीतली पोरं शिकून नोकरीला लागली, असंही कुणी सांगायचं. ज्याला विचारावं त्याचं वेगळंच, आणि त्यातले निम्मे त्या बाजूला कधी फिरकलेलेही नसायचे.

कलाबाईचा नवरा उखा डाइंग मिलमध्ये होता. लग्न करून सुरतेला आल्यापासून दोघांनी उधन्यात भाड्याच्या खोल्या बदलण्यातच जन्म काढला. लेकीचा, वर्षाचा जन्म एका खोलीतला, बारसं दुसरीतलं. कुणा मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की यांनी बोचकी बांधायची. दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवून कलाबाईचे डोळे जात चालले होते, आणि आता पुन्हा खोली सोडायचा निरोप आला होता. श्यामकुंजमधलं घर एका गुजराती काकांचं, ते मुलाकडे कामरेजला राहायला गेले होते. गल्लीचं नाव चांगलं असतं तर ते घर आपल्या आवाक्यात आलंच नसतं, हे ती पुरतं ओळखून होती.

अडवून धरलं होतं लोटूनानांनी. नाना उखाचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे उखाने आजवर तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नानांनी एकच विचारलं, "तठे घर लिधं ते वर्षाले कोन करी?"

लेकीच्या लग्नाचं हे बोलणं मात्र कलाबाईच्या जिव्हारी लागलं. तिला घर हवं होतं, जीव टाकून हवं होतं, पण लेकीच्या नशिबावर पाय देऊन नको होतं. तेव्हा तिला आईची पारख आठवली. अमळनेरकडे तिची आई सोयरीक बघायला उन्हाळ्यातच जायची. ज्या गल्लीत वाळवण राखणीशिवाय वाळतंय, तिथे पोर डोळे मिटून द्यावी, असं तिचं म्हणणं.

काकांनी हसत हसत किल्ल्या दिल्या. भिजवून कांडलेल्या ज्वारीचा घाटा पहाटे शिजवून, तीळ-लसूण-मिरची घालून, गरम पातेलं रिक्षात धरून मायलेकी निघाल्या. गच्चीवर ओली धोतरं अंथरली आणि ओल्या हातांनी पातळ बिबडे थापत ऊन चढेपर्यंत सगळी गच्ची भरून टाकली. मग कलाबाई खाली उतरली. उतरताना उधन्याच्या सवयीने तिचे हात आपोआप चालले. गच्चीच्या दाराला कुलूप, खालच्या दाराला कुलूप, किल्ल्या कनवटीला. गल्लीची नियत बघायला आलेली बाई माल कुलपात ठेवून निघाली होती, आणि हे तिच्या गावीही नव्हतं.

दुपार कलल्यावर मायलेकी, उखा, नाना अशी सगळी वरात परत निघाली. नाना तर निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आवर्जून आले होते. रिक्षा पांडेसऱ्यात शिरली, तर वारा केव्हाच फिरला होता. मिलच्या धुराड्यांचा धूर सरळ वर जायचा सोडून वस्तीवर उतरत होता. वर्षाने तोंडाला लावलेला रुमाल बघता बघता काळा ठिपकेदार झाला. ओले बिबडे आणि वरून काजळी, या विचाराने कलाबाईने रिक्षावाल्याला घाई लावली.

तिने धावत जाऊन कुलूप काढलं. गच्चीभर काजळी पसरली होती. बिबडे नव्हते, धोतरंही नव्हती.

"कुलूप जसंनं तसं, आन् माल गायब," नाना म्हणाले. "आते तरी पटनं का?" त्यांच्या आवाजातला आनंद काही लपत नव्हता. कलाबाईला रडू फुटलं, ते बिबड्यांसाठी नव्हतं, हातचं घर गेलं म्हणून होतं.

एवढ्यात शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून एका बाईने डोकं वर काढलं. ती लीला, परभणीकडची.

"मावशी, गच्चीला कुलूप कशाला लावलं ओ? कठडे चढून यावं लागलं आम्हाला."

सगळे लीलाच्या पाठोपाठ शेजारच्या घरात गेले आणि कलाबाई दारातच थबकली. खाटेवर, खुर्च्यांवर, फरशीवर तिचीच धोतरं ताणून पसरली होती, वर पंखा गरगरत होता. या बाजूचा वारा फिरला की काजळी पडते, हे गल्लीतल्या पोराटोरांना ठाऊक. लीलाने हाका मारल्या, दार ठोठावलं, शेवटी शेजारपाजारच्यांना गोळा केलं. धोतराचं एकेक टोक एकेकाने धरून, एकही बिबडा दुमडू न देता, ती कठड्यावरून अलगद पलीकडे दिली. खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबत एक हडकुळा माणूस उभा होता. तो लीलाचा नवरा दत्तू, पोटल्यांपायी आत जाऊन आलेल्यांपैकी एक, आता टेम्पो चालवणारा. नानांना बघून तो बाजूला सरकला. पोरांनी ओले बिबडे खाल्ले, किती ते विचारू नका, असं लीलाने पडत्या आवाजात कबूल केलं.

कलाबाईला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर चढत एवढा आनंद आला की तिला हसू आवरेना. राखणीशिवाय सोडीन म्हणून बढाई मारली ती आपण, आणि कुलूप लावलं तेही आपणच.

"भिंती वलांडी येतस आठला लोके," नाना पुटपुटले.

"येतस ना, नाना. आपला उधनामां कोनी दारसुद्धा ठोकत नही."

उखाने खिशातून फोन काढला. थोरल्या भावाकडे न बघता त्याने काकांना लावला आणि मोडक्या गुजरातीत साठेखताची तारीख विचारली, "काका, बानाखत क्यारे करवानुं?" आयुष्यात पहिल्यांदा भावाला न विचारता त्याने काही केलं होतं. कलाबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"आन् वर्षा?" नानांनी शेवटचं अस्त्र काढलं.

कलाबाईने पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वर्षाले देखाले पाव्हणा येतीन ना, नाना, ते याच गल्लीमां येतीन. आन् पहिलं पानी लीलाना हातनं पितीन."

दत्तूने खिडकीकडे तोंड फिरवलं. लीलाने डोळ्यांना पदर लावला.

"नुसतं पाणी कशाला, मावशी," ती म्हणाली, "चहा देईन की त्यांना." आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवायला ती आत गेली.