कर्णा मुका का झाला?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, खिडक्यांना लोंबकळलेली माणसं आणि उंच खुर्चीवर सत्यवाणी महाराज. त्यांच्या शेजारी फुलांनी मढवलेला काळा ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला कर्णा.

"हे यंत्र नव्हे, बाळांनो!" महाराज गरजले. "डॉक्टर नाडी बघतो, हे नियत बघतं! समोर कपटी माणूस आला की याची वाचाच बसते!"

त्या दिवशी त्यांनी शिंप्याच्या बायकोला पुढे बोलावलं. "घरात भांडणं लावतेस?"

ती नाही म्हणणार, तोच कर्णा खरखरला, चिरकला आणि गप्प झाला. लोकांच्या अंगावर काटा आला. शिंप्याने मान खाली घातली. प्रायश्चित्त ठरलेलंच होतं : एकवीस दिवस बंद खोली आणि मौन.

सासूबाईंनीच तिला मागच्या खोलीत नेलं. कापडाचे तागे, एक भिंतीवरचं घड्याळ आणि गजांची वीतभर खिडकी. बाहेरून कडी लागली. जेवणाचं ताट दाराच्या फटीतून आत यायचं. हवा हलायची नाही, आणि समोरच्या सभागृहातला महाराजांचा आवाज मात्र रोज दुपारी आत घुसायचा.

लग्नाआधी तिने सहा वर्षं ॲम्प्लिफायरच्या कारखान्यात काम केलं होतं. बोलायला बंदी, ऐकायला नव्हती. ती ऐकत राहिली. कर्णा सुरू झाल्यावर पंचविसेक मिनिटांनी मुका व्हायचा, दहा मिनिटांनी पुन्हा बोलायचा. मुका होण्याच्या जरा आधीच महाराज कुणाला तरी पुढे बोलवायचे. ढगाळ दिवशी अर्धा तास टिकायचा, उकाड्यात विसाव्या मिनिटालाच मान टाकायचा. पापाला हवामान कळतं की काय?

"अहो, ऐका ना," ती दाराला तोंड लावून म्हणाली.

"बोलू नकोस," नवरा पलीकडून कुजबुजला. "दिवस वाढतील." त्याची पावलं लांब गेली. त्यानंतर तिने हाक मारणंच सोडलं.

नवव्या दिवशी कडी निघाली आणि सासूबाईच आत आल्या. कर्णा त्यांच्यासमोर मुका झाला होता! दार पुन्हा बंद झालं. त्या ताग्यांना टेकून बसल्या.

"लहानपणी बहिणीची बाहुली लपवली होती गं," त्या हळूच म्हणाल्या. "तेच असेल का?"

साठी उलटलेली बाई पन्नास वर्षं मागे जाऊन पाप शोधत होती. सुनेचा राग तिथेच विरला.

"आई, इस्त्री कापडापासून बोटभर वर धरली तर कापडाला उष्णता लागेल?"

"कशी लागेल? टेकायला हवी."

"तसंच आहे हे. आवाज मोठा करणारा ट्रान्झिस्टर तापतो. त्याची उष्णता ओढून हवेत सोडायला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो, हीटसिंक. दोघं नीट टेकले नाहीत, तर ट्रान्झिस्टर भाजून निघतो. मग त्याच्या डोक्यावरची छोटी कळ आवाज तोडते. गार झाला की पुन्हा जोडते. उद्या घड्याळ बघा. उकडतंय, वीस मिनिटं धरा."

दुसऱ्या दिवशी एकविसाव्या मिनिटाला कर्णा गप्प झाला. सासूबाईंनी काट्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि दारावर धाडकन थाप मारली.

"दार उघड!"

"आई, महाराज म्हणाले..."

"तुला जन्म मी दिला की त्यांनी?"

कडी निघाली. सुनेने आपली कारखान्यातली हत्यारांची पेटी घेतली आणि दोघी थेट सभागृहात शिरल्या. मागोमाग शिंपी.

"यंत्राला हात लावू नका!" महाराज ओरडले. "भस्म व्हाल!"

"झालो तर झाडून काढा," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

सुनेने प्लग काढला, जरा थांबून झाकण उघडलं. नवऱ्याला म्हणाली, "या पात्यांना हात लावा."

"गार आहेत."

"आता या ट्रान्झिस्टरला."

"आई गं!" त्याने बोट मागे घेतलं.

"इतका तापलेला ट्रान्झिस्टर टेकलाय, आणि पाती गार?" तिने स्क्रू काढले. ट्रान्झिस्टरखाली वीज अडवून उष्णता जाऊ देणारी अभ्रकाची पातळ चकती असायला हवी होती. तिथे निघाला बरोब्बर मापात कापलेला, पायांसाठी भोकं पाडलेला जाड पुठ्ठा. त्यावर छापील अक्षरं होती : सत्यवाणी. महाराजांच्याच पुस्तिकेचं वेष्टन! पुढच्या रांगेतल्या मास्तरांनी तो हातात घेऊन सगळ्यांना वाचून दाखवला.

पेटीतून तिने अभ्रक काढलं, दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेणाऱ्या पांढऱ्या मलमाचा पुसट थर दिला, स्क्रू आलटून पालटून सारखे आवळले, मीटर लावून बघितलं. मग यंत्र सुरू करून स्वतः समोर बसली. वीस मिनिटं झाली. तीस झाली. पन्नास झाली. पाती गरम होत गेली, आवाज खणखणीत राहिला.

"यंत्राने तुला क्षमा केली!" महाराजांनी हात उंचावले. काही हात जोडलेही गेले.

"असं होय? मग पुठ्ठा परत घालते," ती म्हणाली. "यंत्र गार होऊ द्या. मग सुरू करू, आणि विसाव्या मिनिटाला तुम्ही बसा समोर."

महाराज सभागृहातल्या घड्याळाकडे बघत राहिले. बसले नाहीत. हळूहळू जोडलेले हात सुटले.

"घरी चल," शिंपी ओशाळून म्हणाला.

"अजून चार घरांना बाहेरून कडी आहे," ती म्हणाली. "ती आधी काढू."

पहिलं दार उघडलं तेव्हा आतली बाई उजेडाने डोळे मिटून उभी राहिली. विचारलं तरी बोलेना.

सासूबाईंनी तिचा हात धरला. "बोल गं पोरी. काही बिघडत नाही."

वाचकहो, यंत्र बंद पडलं तर त्याचं झाकण उघडा. बिघाड तिथेच सापडतो. तो माणसाच्या मनात आहे असं कुणी छातीठोक सांगू लागला, तर त्याला एकच विचारा : कशावरून? आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्याही दाराला कडी लावू नका.