दुसऱ्या कॅमेऱ्याची वाट

तिळाएवढा तो करडा ठिपका काचेवरचाच असणार, म्हणून तिनं बाहीनं संगणकाचा पडदा पुसला, मग नखानं खरवडला – ठिपका हलला नाही, उलट किंचित पसरल्यासारखा वाटला, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की तो काचेवर नाहीच, काचेच्या पलीकडे, चाळीस किलोमीटरवरच्या डोंगराच्या सोंडेवर आहे. धूर? धूळ? तापलेली हवा नुसती थरथरली तरी असंच दिसतं. भरदुपार, वारा सुटलेला, गवत वाळून काडी झालेलं...

अशा वेळचा नियम सोपा होता, आणि तो तिनंच लिहिलेला होता: एका कॅमेऱ्याला दिसलं तर थांबायचं, दुसऱ्यालाही दिसलं तर वणवा पथकाला कळवायचं. जंगलात सतरा मनोरे. त्यांवरचे कॅमेरे, संशोधकांची हवामानाची नि मातीची यंत्रं, सगळ्यांचं बोलणं बिनतारी, एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत तिच्या या नियंत्रण खोलीत यायचं. दुसऱ्या कॅमेऱ्याची लिंक सकाळपासून उन्हानं रडत होती. चित्र यायचं, चौकोन चौकोन होऊन फुटायचं. येईल. पाच मिनिटं बघू.

सोंडेच्या पायथ्याशी तिच्या ताईचं संशोधन केंद्र होतं. ताई वटवाघळांचा अभ्यास करायची, आणि आई गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, धाकटीशी, म्हणजे तिच्याशी, बोलत नव्हती. पण तिच्या केंद्रातले आकडे दर दहा मिनिटांनी यायचे – खोलीचं तापमान, बॅटरी, ओलावा – आणि धाकटी ते पत्रं वाचावीत तसे वाचायची. रात्री खोली गार होते, म्हणजे ताई खिडकी उघडी टाकून झोपली. बंद खोलीत तिला लहानपणापासून गुदमरतं. बॅटरी भरलेली, म्हणजे दिवा लवकर मालवला. चला, बरी आहे. भांडलो असलो तरी मला तिचं सगळं कळतं, तिला मात्र माझं काही कळत नाही... या विचारात थोडा विजयही होता, ते तिला माहीत होतं.

चित्र आलं. फुटलं.

आईच्या वेळीही ती अशीच थांबली होती. एक डॉक्टर म्हणाले, गंभीर आहे. तिनं दुसऱ्या डॉक्टरांचा रिपोर्ट येईपर्यंत ताईला कळवलं नाही – उगाच कशाला घाबरवायचं, नक्की तर होऊ दे. रिपोर्ट दोन दिवसांनी आला. ताई पोचली तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. 'खात्रीबाई,' ताई एवढंच म्हणाली होती. लहानपणी हेच नाव ती चिडवायला वापरायची.

ठिपका आता वाटाण्याएवढा. तिनं केंद्राचा फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला... मग ताईचा मोबाइल.

"हॅलो." मागे बसचा हॉर्न.

"ताई, केंद्रातून निघ आधी. वरच्या सोंडेवर काहीतरी दिसतंय."

"मी तिथं नाहीये गं. महिना झाला. आईच्या घरी आहे."

आईचं घर इथून दहा मिनिटांवर.

"पण आकडे तर येतायत. रात्री खोली गार होते... मला वाटलं, खिडकी उघडी टाकून झोपतेस."

"निघताना लावायची राहिली असेल." मग हळूच, "तू माझी खिडकी बघत होतीस?"

तिनं नजर पुन्हा ठिपक्यावर नेली.

"माझे दोघं सहकारी आज रानात आहेत," ताई म्हणाली. "पथकाला कळवलंस?"

"दुसरा कॅमेरा अजून –"

"परत वाट बघणार?" आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

तिनं फोन ठेवला आणि पथकाच्या प्रमुखांना लावला.

"दोन्हींत दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकातच. तरी निघा."

"मॅडम, हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतेय. दोन माणसं रानात आहेत."

दीड तासानं प्रमुखांचा फोन आला. मेंढ्या होत्या. भला मोठा कळप, धुळीचा लोट उठवत सोंड उतरत होता. माणसं सुखरूप भेटली. "आता मेंढपाळालाही एक कॅमेरा द्या," ते म्हणाले, आणि फारसे चिडलेही नाहीत.

लाज वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. लाज आली नाही. आलं ते भलतंच: त्या वेळी ताईला लगेच कळवलं असतं आणि आई उठून बसली असती तर काय झालं असतं? एक फेरी वाया गेली असती. तिघी हसल्या असत्या. इतकंच... एवढंसं ते, आणि त्याला घाबरून मी दोन दिवस –

'मेंढ्या होत्या,' तिनं ताईला कळवलं.

'बरं,' उत्तर आलं.

या 'बरं'चं तापमान किती, हे सांगणारं यंत्र कुठल्याच मनोऱ्यावर नव्हतं. कामाची पाळी संपली होती. आईच्या घराची एक किल्ली तिच्याकडेही होती. पण किल्लीनं उघडून सरळ आत जायचं, की घंटी वाजवून दाराबाहेर उभं राहायचं, एवढंसुद्धा तिला ठरवता येईना. छातीत भीतीसारखं, पण भीती नव्हे असं काहीतरी घेऊन ती जिना उतरू लागली, मधल्या पायरीवर थांबली, आणि काहीच ठरलेलं नसताना पुन्हा उतरू लागली.