रांगेतली पहिली जागा

त्या दिवशी सकाळी आईच्या डब्यात चमचा ठेवायला मी विसरले आणि जिन्यात त्यावरून बोलणी खाल्ली. म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखा सुरू झाला. आम्ही दोघी एकाच गोदामात कामाला. ती बावीस वर्षं ऑर्डरी भरणारी आणि मी, तिच्या शब्दांत, खुर्ची भरणारी. कुणाच्या वाट्याला किती काम जावं हे मी ठरवायचे.

पूर्वी प्रत्येकाचे कप्पे ठरलेले असत. रंगाचे डबे ज्याच्याकडे, त्याची कंबर जायची. उशांवाला शिट्ट्या वाजवत बसायचा. मी ते मोडलं. एकच अरुंद गल्ली, पाच माणसं, पाच ढकलगाड्या. एका टोकाला खिडकीशी ऑर्डरची यादी घ्यायची आणि कप्प्यांतलं सामान भरत पुढे सरकायचं. शेवटच्याने भरलेली गाडी दुसऱ्या टोकाला पॅकिंगच्या टेबलाशी लावली, की मोकळ्या हाताने मागे येऊन मागच्याची अर्धवट भरलेली गाडी घ्यायची, त्याने त्याच्या मागच्याची. खिडकीशी उरेल त्याने नवी यादी उघडायची. ओलांडून जायला जागा नाही, म्हणून अट एकच: सगळ्यांत हळू माणूस खिडकीशी, सगळ्यांत चपळ टेबलाशी. मग काम आपोआप सारखं वाटलं जातं.

टेबलाशी अर्थातच आई. मागे येऊन लंबूच्या गाडीला हात घालताना ती म्हणायची, "दमलास ना? आण इकडे." लंबू तिच्याहून हातभर उंच आणि वयाने निम्मा, पण रोज पन्नास वेळा दमलेला ठरायचा. खिडकीशी होता कासव, आईच्याच वयाचा. त्याला आपल्या टोपणनावाचा राग नव्हता. राग यायलाही त्याला वेळ लागायचा.

मग आईची चाल मंदावली. माझ्या आकड्यांत ते दोन महिने दिसत होतं. घरीही जिना चढताना ती मध्येच थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्यांची चौकशी करायची. कुंड्यांचं तिला जन्मात कधी काही पडलं नव्हतं. तिला खिडकीशी उभं करायला हवं होतं. माझी जीभ रेटेना. इतकी पुस्तकं वाचली, त्यातलं एकही धीट माणूस मदतीला आलं नाही. चमचा विसरले त्या सकाळी मी आपली पळवाट काढली. खिडकीजवळच्या उशा आणि स्पंज टेबलाजवळ आणले आणि तिथले रंगाचे डबे खिडकीकडे धाडले.

त्या दुपारी आईने सहज मागे वळून पाहिलं. लंबू गाडी धरून छताकडे बघत उभा, त्याच्यामागे आणखी दोघं तसेच खोळंबलेले. लांब टोकाला कासव डबे उचलून कंबर चोळत होता. आईने उशांकडे पाहिलं, मग माझ्या काचेच्या केबिनकडे.

जेवणाच्या सुट्टीत तिने लंबूला कामाला लावून उशा आणि डबे पूर्ववत केले आणि सुट्टी संपल्यावर स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. कासवाची एक जागा पुढे बढती झाली. त्याने तेवढ्यात घरी फोन करून तसं कळवलंसुद्धा. मात्र आईची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा तो हात मागे बांधून घुटमळला.

"म्हण की," आई म्हणाली. "इतकी वर्षं वाट बघतोयस."

"दमलात ना ताई? आणा इकडे."

सगळी गल्ली हसली, आई सगळ्यांत मोठ्याने. "दमतंय कोण! आजपासून इथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला पहिला हात माझा."

बसमध्ये तिने खिडकीची जागा पटकावली. थोड्या वेळाने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आजच."

"हो का. उशा आपल्या पायांनी चालत आल्या वाटतं." ती हसली. "माझं ओझं त्या कासवाच्या कंबरेवर टाकलंस गं. मला सांगायचंस." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिने डोळे मिटले. तेव्हा तरी मी काही बोलायला हवं होतं.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. खिडकीशी आईची गाडी होती तशीच होती, दांड्याला तिने बांधलेलं निळं फडकंही. चौघं पहिली जागा सोडून काम करत होते, माल तुंबत होता आणि तक्रार कुणाचीच नव्हती. मी केबिनमधून खाली आले आणि म्हटलं, माझ्याइतकं हळू इथे कुणीच नाही, तेव्हा नियमाने ही जागा माझी.

कासवाने बराच विचार केला. "म्हणजे माझी बढती शाबूत," तो म्हणाला. लंबू हसला, आणि मग दुसरीकडे बघू लागला.

मी निळ्या फडक्यावर हात ठेवला.

"दमलीस ना आई? आण इकडे."